पितळेची पाटी आणि चौथी पायरी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत आवई उठली की लख्खताईने चॅपलमधली नव्वद वर्षांची पितळी पाटी उचकटून भंगारात विकली आणि तिच्या जागी कोरा पत्रा ठोकला. सकाळी दूधवाल्यापाशी ही बातमी एका पाटीची होती. दुपारी माझ्या दुकानापर्यंत येता येता सहा पाट्या, दोन मेणबत्तीदाण्या आणि वरची घंटा एवढा माल झाला. संध्याकाळी घंटा नेहमीसारखी वाजली, तेव्हा ती तेवढी यादीतून कमी झाली. माझा या भानगडीत फारसा हात नाही. घंटा तेवढी माझी.

खरं काय ते आता सांगून टाकतो. पाटी जागेवर आहे. खिळे तेच, पितळ तेच. फक्त तिच्यावरचं एक नाव गेलंय. ते लख्खताईने एकतीस वर्षं, दर शनिवारी, गुडघ्यांवर बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घासून घासून पुसलं. आणि ज्यांच्या आजोबांचं ते नाव, त्या चॅपलच्या कारभाऱ्यांनीच मधे एकदा भर सभेत तिच्या स्वच्छतेचं कौतुक करून तिला फुलदाणी दिली होती.

माझी आणि तिची भिंत एकच. अलीकडे माझं शिवणयंत्र, पलीकडे तिची मोरी. वीस वर्षं मी तिच्या घासण्याच्या तालावर पाय मारतोय. लख्खताई हे नाव तिला गल्लीने दिलं, कारण तिच्या उंबऱ्यात भांग पाडावा आणि तिच्या पातेल्यात दात मोजावेत अशी तिची भांडी. वय साठ. नवरा ट्रक चालवायचा, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि दर आठवड्याला फोनवर म्हणते, "आई, आता काम सोड." ताई "हो गं, हो गं" म्हणते आणि बोलता बोलता फोनची काच पदराने पुसते.

तिची दुसरी ख्याती अशी की ती काही विसरत नाही. माझं मांजर एकदा तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर निजलं होतं. ते मांजर गेलं, त्याचं पिल्लू म्हातारं होऊन गेलं, आता नातू आहे. त्यालाही ती काठी दाखवते.

"अगं ताई, तो हा नव्हे," मी एकदा म्हटलं.

"घराणं तेच ना?" ती म्हणाली.

ही काठी लक्षात ठेवा. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी, सागाची, चपटी, एका कडेला करवतीने खाचा पाडलेली. ताई तिच्यावर फडकी वाळवायची. मी समजत होतो, फडकी घसरू नयेत म्हणून खाचा असतील. माणूस वीस वर्षं एखाद्या वस्तूकडे बघतो आणि त्याला ती दिसत नाही, ते असं.

चॅपल आमच्या गल्लीच्या टोकाला. मेथडिस्ट नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं. बाहेरून बघाल तर विटांचं साधं कौलारू घर, उंच खिडक्या, वर एक घंटा. आत बाकांच्या दोन रांगा. या मंडळींना थाटमाट आवडत नाही, त्यामुळे जो काही थाट करायचा तो त्यांच्या पूर्वजांनी एकाच ठिकाणी करून घेतला: पुलपीट. म्हणजे पाळक जिथे चढून उपदेश करतात तो उंच लाकडी सज्जा. सात पायऱ्यांचा वळता जिना, पुढच्या फळीवर कोरलेली द्राक्षवेल, आणि वेलीची पानं अशी की वाऱ्याने हलतील असं वाटावं. मी त्या मंडळींपैकी नाही, पण ती वेल बघायला म्हणून दोनदा उपदेश ऐकलाय.

ही वेल कोरली ताईच्या आजोबांनी. ते सुतार. पुलपीट हे त्यांचं देवाला अर्पण होतं. अकरा महिने दिवसा लोकांची दारं-खिडक्या करायची आणि उरलेल्या वेळात हे. लाकूड पुरवायचं कबूल केलं होतं वखारवाल्याने. हा वखारवाला म्हणजे आत्ताच्या कारभाऱ्यांचा आजोबा. चॅपलमध्ये मोठा माणूस, पुढच्या बाकावर बसणारा. त्याने गाडी भरून फळ्या पाठवल्या. सुतारआजोबांनी त्या अंगणात मांडल्या, एकेका फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि सगळ्या मंडळींसमोर म्हणाले, "शेठ, अर्ध्या आतून भेगाळलेल्या आहेत. देवाला द्यायचं ते तरी धड द्या."

झालं. सगळे हसले. वखारवाल्याने चांगल्या फळ्या पाठवल्या, आणि त्या हसण्याची नोंद मनात ठेवली.

आता मेथडिस्टांची एक जुनी रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाची चौकशी व्हायची. मन कसं आहे, वागणं कसं आहे. दहा-बारा जणांचा एक वर्ग, त्याला एक वर्गनायक. तो विचारायचा आणि वहीत लिहायचा. सगळं ठीक असेल तर तळहाताएवढं छापील तिकीट मिळे. तिकीट आहे तो आपला. तिकीट बंद झालं तो परका, मग तो बाकावर बसला काय आणि कुंपणावर बसला काय. आणि दारूच्या थेंबालाही शिवायचं नाही अशी प्रत्येकाची शपथ.

सुतारआजोबांच्या वर्गाचा नायक कोण? वखारवाला.

पुलपीट उभं राहिलं, जिना तेवढा बाकी होता. आजोबा लाकडाला पॉलिश करत होते. जुन्या पद्धतीचं पॉलिश म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने दिवसच्या दिवस गोल गोल घासायची. मग माणसाच्या हातांना, सदऱ्याला, केसांना स्पिरिटचा वास न येईल तर काय मोगऱ्याचा येईल? तिमाही चौकशीच्या दिवशी आजोबा कामावरून तसेच उठून गेले. वखारवाल्याने त्यांच्यासमोर उभं राहून नाक वर केलं, वास घेतला, आणि वहीत लिहिलं. ज्या पुलपिटाला ते पॉलिश चाललं होतं ते पन्नास पावलांवर होतं. एकानेही उठून तिकडे नाक नेलं नाही.

तिकीट बंद.

तेव्हाच्या पाळकसाहेबांना थोडं वाईट वाटलं असावं. ते घरी आले आणि म्हणाले, "निदान जिना तरी पुरा कराल का?"

"करतो की," आजोबा म्हणाले. "मनापासून करतो."

बारा दिवसांत जिना झाला. असा सुबक की बघत राहावं. अर्पणाच्या दिवशी पुलपिटाच्या पायाशी पितळी पाटी चमकत होती: देवाच्या गौरवासाठी, हे पुलपीट, मग वखारवाल्याचं भलंमोठं नाव, आणि खाली, यांनी स्वहस्ते घडवून अर्पण केले. स्वहस्ते! त्या हातांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. सुतारआजोबा बाहेर कुंपणाच्या भिंतीवर बसले होते. आत मंडळी गात होती आणि वखारवाला सगळ्यांना दिसावं म्हणून सावकाश, मान वर करून जिना चढत होता. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पायरीला त्याचा बूट असा अडकला की तो तोंडावर कठड्यावर आपटला. पुढचा एक दात द्राक्षवेलीत सांडला. कारभाऱ्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत त्या आजोबांचा मोठा फोटो आहे. त्यात त्यांचं तोंड गच्च मिटलेलं आहे. कारभारी सांगतात, "आजोबा फार गंभीर वृत्तीचे होते."

चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा सहा सूत उंच आहे. सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतं. नव्वद वर्षं झाली, त्या जिन्यावर ठेच लागली नाही असा पाळक नाही.

आणि मंडळींनी त्याचं काय केलं असेल? धडा केला! वर चढताना देव आपल्या सेवकाला वाकवतो, असं म्हणायला लागले. नवा पाळक आला की पहिल्या रविवारी सगळे श्वास रोखून बसतात. ठक् असा आवाज झाला, पाळक पुढे झुकले, की बायका एकमेकींकडे बघून समाधानाने मान हलवतात: लीन झाले हो. एका तरण्याबांड पाळकांनी एकदा ठेच खाल्ल्यावर पुढच्या रविवारी उडी मारून चौथी पायरी टाळली होती, तर मंडळींना ते गर्विष्ठ वाटले आणि वर्षभरात त्यांची बदली झाली. सुताराच्या रागाचा यांनी सद्गुण करून टाकला. इतकी वर्षं त्या रागापुढे माना लववतायत आणि पत्ता नाही.

पत्ता होता तो फक्त एका घराला. ताई लहान असताना आजोबा तिला दर रविवारी त्या कुंपणावर घेऊन बसत. आत गाणं संपायचं, शांतता व्हायची, मग ठक्. आजोबा मिशीत हसायचे, उठायचे, धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "चला, झाली उपासना." उपदेश त्यांनी पुन्हा कधी ऐकला नाही. ताई अकरा वर्षांची असताना ते गेले. तिच्या वडिलांना हे सगळं नको होतं. त्यांनी हत्यारं देऊन टाकली, टपालखात्यात नोकरी धरली आणि चॅपलचा रस्ता सोडून दुसरीकडून जायला लागले. राहिली ती खाचांची काठी आणि ताईची स्मरणशक्ती.

ताई एकोणतीस वर्षांची असताना चॅपलला झाडलोटीसाठी बाई हवी होती. ती तेव्हा एका मोठ्या धुलाईघरात मुकादम होती, हाताखाली आठ बायका. ते सोडून ती झाडू मारायला गेली. गल्लीला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, भक्ती लागली. भक्तीच म्हणा, इतक्या नेमाने कुणी काही करत असेल तर दुसरा शब्द कुठून आणायचा?

चॅपलमध्ये एकूण सहा पितळी पाट्या. पाच पाट्यांना ताई मऊ फडकं आणि तेलाचा एक थेंब लावायची. सहाव्या पाटीला विटेची वस्त्रगाळ पूड आणि अर्धं लिंबू. तेही सगळ्या पाटीला नाही. अंगठ्याएवढी गुंडाळी करून, फक्त तिसऱ्या ओळीवर. ती ओळ गुडघ्याच्या उंचीवर, म्हणून गुडघ्यांवरच बसावं लागे. खिडकीतून बघणाऱ्यांना वाटे, बाई प्रार्थना करतेय.

"पितळ मऊ असतं, मास्तर," तिने मला एकदा सांगितलं होतं. मी शिंपी, म्हणून मास्तर. "लोखंड ओरडतं. पितळ मुकाट्याने झिजतं." मला वाटलं, भांड्यांबद्दल बोलतेय.

पहिल्या चार वर्षांत अक्षरांतला काळा रंग गेला. कारभारी खूश: "वा बाई, आता कशी स्वच्छ झाली!" दहा वर्षांत नाव वाचायला वाकावं लागायला लागलं. कारभाऱ्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. विसाव्या वर्षी तिथे नाव आहे हे आधीच ठाऊक असलेल्यालाच ते दिसे. आणि कारभारी? त्यांना त्याहून भारी काहीतरी दिसायला लागलं होतं. उपासनेआधी ते पुलपिटापाशी जात, आजोबांच्या पाटीसमोर आदराने वाकत आणि मिशा नीट करत. पाटी इतकी गुळगुळीत झाली होती की त्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसे. हा माणूस दरवर्षी माझ्याकडे पँटची कंबर सैल करायला आणतो आणि म्हणतो, "मास्तर, कापड आटलं." त्याला आरशात आरसा कसा दिसणार? पंचविसाव्या वर्षी त्यांनी ती फुलदाणी दिली. वर पुन्हा सांगितलं, "आमच्या पाटीवर जरा जोर लावत जा, बाई."

"लावते की," ताई म्हणाली. "मनापासून लावते."

सगळं असंच चाललं असतं, पण चॅपलला शंभरावर वर्षं होऊन गेली आणि सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्याने त्याची नोंद करायचं ठरवलं. कारभारी हवेत तरंगायला लागले. त्यांनी घराण्याचा इतिहास लिहून काढला. त्यात वखारवाला हा थोर कारागीर होता आणि त्याने प्रार्थना करता करता वेल कोरली होती. खात्याच्या नोंदणीबाई आल्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "इतिहास नंतर बघू. आधी वास्तूवर काय लिहिलंय ते घेऊ." त्यांनी पाटीवर पातळ कागद धरला आणि वरून मेणखडू फिरवला. पहिली ओळ उमटली, दुसरी उमटली, तिसरीच्या जागी पांढरा कागद, चौथी पुन्हा स्वच्छ.

"हे पुलपीट," बाईंनी वाचलं, "यांनी स्वहस्ते घडवून. कुणी?"

कारभारी हसत वाकले, दाखवायला बोट पुढे केलं, आणि पाटीत त्यांना दिसलं त्यांचंच तोंड. हसू मावळलेलं.

त्यांनी एका दमात जाहीर केलं की पाटी बदललीय आणि खरी विकलीय. तिथून ती आवई निघाली. बुधवारी दुपारी पाळकसाहेबांच्या खोलीत बैठक ठरली. ताईला बोलावणं आलं.

मंगळवारी ती माझ्या दुकानात आली. बसली नाही. चेहरा असा की माझी थट्टा ओठावरच राहिली.

"मास्तर, पाळकसाहेबांच्या खोलीच्या पडद्यांचं माप घ्यायला उद्याच जाणार आहेस ना?"

"हो."

"जरा सावकाश घे."

"ताई, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. काम झालंय." मग म्हणाली, "पण तो कारभारी त्या बाईंच्या रजिस्टरात त्याच्या आजोबाचं नाव घालणार. एकदा तिथे लिहिलं की संपलं. कागदावर विटेची पूड चालत नाही."

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ही बाई घाबरलीय. नोकरीला नाही. एकतीस वर्षांत जे पुसलं ते एका सहीने पुन्हा उमटेल, तेही अशा जागी की जिथे तिचा हात पोचत नाही, याला.

बुधवारी मी टेप घेऊन पाळकसाहेबांच्या खोलीत शिडीवर चढलो. खिडकी एक, पण मी ती नऊ वेळा मोजली. खाली टेबलाशी कारभारी, नोंदणीबाई, आणि आमचे नवे पाळकसाहेब, ज्यांच्या नडगीवर चौथ्या पायरीचा डाग अजून ताजा होता. ताई आली. हातात काठी, काठीवर फडकं नाही.

"खरी पाटी कुठे आहे?" कारभाऱ्यांनी सुरुवात केली.

"जिथे होती तिथे."

"त्यावर नाव नाही!"

"नाही. मी घासलं."

"चुकून?"

"चुकून एकतीस वर्षं?" ताई म्हणाली. "कारभारी, बाकीच्या तीन ओळी वाचून बघा. काना-मात्रेलाही धक्का नाही. माझं काम चोख असतं. फुलदाणी दिलीत ना तुम्ही."

मी शिडीवर खोकलो. हसू आलं की मला खोकला येतो.

कारभारी लाल झाले. "बघा, कबूल करतेय! नोंदणीबाई, तुम्ही आमच्या आजोबांचं नाव लिहून घ्या. पाटी नसली म्हणून काय झालं? सगळ्या मंडळींना ठाऊक आहे. आमच्या आजोबांनी स्वतः..."

"जिन्याच्या पायऱ्या किती उंच आहेत?" ताईने मधेच विचारलं.

"काय?"

"तुमच्या आजोबांनी स्वतः घडवला ना? घराण्यात माप असेल. सांगा. मी माझ्या घराण्यातलं सांगते. सात पायऱ्या. सहा पायऱ्या सहा-सहा इंच. चौथी पावणेसात."

पाळकसाहेबांचा हात आपोआप नडगीकडे गेला. "चौथी?"

नोंदणीबाई उठल्या आणि वर बघून म्हणाल्या, "शिंपीदादा, खिडकी पुरे झाली. खाली या." त्यांना कसं कळलं कोण जाणे. मग माझी टेप, त्यांचे डोळे, आणि आम्ही सगळे पुलपिटापाशी. सहा. सहा. सहा. चौथीला मी टेप दोनदा लावली. पावणेसात. पुढे पुन्हा सहा, सहा, सहा.

"ही सफाई करते. हिने मोजलं असेल कधीतरी," कारभारी म्हणाले.

ताई पुढे झाली. तिने काठी जिन्याच्या कडेला उभी केली. सुतार जिना करण्याआधी अशी एक काठी करतात. पायरी जिथे येणार तिथे काठीवर खाच, म्हणजे दरवेळी मोजायला नको. नोंदणीबाईंना हे ठाऊक होतं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि नाक काठीला लावलं. सात पायऱ्या, सात खाचा, एकही केसभर इकडेतिकडे नाही. चौथीची खाच पायरीसारखीच वर सरकलेली. आणि तिच्या शेजारी, आधी तिसरीपासून सहा इंचांवर पाडलेली खाच लाकडाची पाचर मारून बुजवलेली.

म्हणजे पायरी चुकली नव्हती. आधी सरळ आखली होती, मग विचार बदलला. एवढी वर्षं मी त्या पाचरीशेजारी तिची फडकी बघत आलो होतो.

"आणि हे का केलं असेल त्यांनी?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"वर्गाची जुनी वही कपाटात आहे," ताई म्हणाली. "तिसऱ्या फळीवर, डावीकडून दुसरी. दर शनिवारी धूळ पुसते मी तिची. अर्पणाच्या आधीचा महिना काढा."

वही आली. नोंदणीबाईंनी वाचलं: सुताराचं नाव, पुढे, "श्वासाला स्पिरिटचा वास. तिकीट बंद." खाली वर्गनायकाची सही, वखारवाल्याची, भलीमोठी. बाई पुलपिटापाशी गेल्या, फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे लाखेचं पॉलिश आहे. याला स्पिरिटच लागतं." मग कारभाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी हे स्वहस्ते केलं असेल, तर त्यांच्याही हातांना वास आला असणार. त्यांचं तिकीट कुणी बंद केलं?"

मी मनातल्या मनात त्या बाईंना तीन पोलकी फुकट शिवून दिली.

कारभारी बाकावर बसले. पुढच्या नाही, जवळ होता त्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग शेवटचं अस्त्र काढलं. "म्हणजे हा सूड आहे. देवाच्या घरात, गुडघ्यांवर बसून, सूड! पाळकसाहेब, काही बोला!"

पाळकसाहेब चौथ्या पायरीकडे बघत होते. तरुण माणूस, पण अक्कल जुनी. म्हणाले, "बाई, तुम्ही पाटी खराब केलीत, हे चुकलंच."

"चुकलं," ताई म्हणाली. आवाजात पश्चात्ताप शोधायला मी कान टवकारले होते, सापडला नाही.

"पण पाटीवर लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि वहीत लिहिलंय तेही खोटं आहे. नोंदणीबाई, रजिस्टरात सुताराचं नाव घाला. वहीत त्या नोंदीखाली मी आज तारीख घालून लिहितो की तिकीट पुन्हा सुरू केलं. आणि पाटी नवी करू. सुताराच्या नावाची."

"आणि चौथी पायरी?" नोंदणीबाईंनी विचारलं. "दुरुस्त करायची?"

"नको," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "ती सही आहे त्यांची."

नोंदणीबाईंनी लिहिलं. ताई त्यांच्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत. मग काठी खांद्याला लावली आणि निघाली. निघताना तिने डाव्या हाताने पुढच्या बाकावरचा कुणाच्या तरी बोटाचा ठसा पुसला. ते तिचं थांबत नाही.

दारापाशी कारभाऱ्यांनी गाठलंच. राग माणसाला गप्प बसू देत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लावा नवी पाटी! आमच्या घरातही विटा आहेत म्हटलं! आम्हालाही घासता येतं!"

ताई वळली. आधी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग पोटाकडे, मग तोंडाकडे. आणि म्हणाली,

"घासा की. एकतीस वर्षं, दर शनिवारी, गुडघ्यांवर. पाटी लागली की सुरू करा, फडकं मी देते."